ईश्वर कर्ता, तर वस्तूंकडे काय उरते?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



इ. स. १६६४ च्या जानेवारी महिन्यात शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या वेळी सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्या देशाची ती वखार, त्या हॉलंडातील डॉर्ड्रेख्ट नावाच्या गावी त्याच वर्षीच्या १२ डिसेंबर रोजी धान्याचा एक दलाल पत्र लिहीत बसला होता. त्या पत्रात ना भाव होता, ना मालाची चौकशी. विलेम व्हान ब्लायेनबर्ग हे त्याचे नाव. त्याने पत्र लिहिले ते ज्याची कधी भेट झाली नव्हती अशा बारुख स्पिनोझा या तत्त्ववेत्त्यास. दोघेही १६३२ साली जन्मलेले. दोघांसही व्यापाराची ओळख होती. स्पिनोझाने पित्याच्या मृत्यूनंतर काही काळ धाकट्या भावासमवेत आम्स्टरडॅममध्ये घराण्याची पेढी चालविली होती. पुढे १६५६ साली ज्यू समाजाने त्यास बहिष्कृत केले, पेढी सुटली, आणि भिंगे घासण्याच्या कामासोबत तो तत्त्वचिंतनात रमला.

ब्लायेनबर्गने स्पिनोझाचा १६६३ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ वाचला होता. देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे सिद्धांत भूमितीच्या पद्धतीने मांडणारा हा ग्रंथ स्पिनोझाच्या हयातीत त्याच्या नावाने छापलेला एकमेव ग्रंथ होय. त्यातील एक विधान या दलालाच्या मनास बोचत राहिले. ईश्वर केवळ वस्तू निर्माण करून थांबत नाही. त्या वस्तूंच्या हालचाली, इतकेच नव्हे तर जीवाच्या इच्छासुद्धा, तोच घडवितो. असे असेल तर आदामाने निषिद्ध फळ खाण्याची इच्छा केली, ती इच्छा कोणी घडविली? एक तर त्या इच्छेत वाईट असे काही नव्हते असे म्हणावे, नाही तर वाईटाचा कर्ता ईश्वर आहे असे म्हणावे. तिसरा मार्ग त्यास दिसेना.

हिशेब ठेवणाऱ्या मनुष्याचाच हा प्रश्न आहे. जगातील सर्व सामर्थ्य ईश्वराच्या खाती जमा करायचे, तर जगातील सर्व पाप कोणाच्या नावे टाकायचे? जमेची बाजू एका खात्यात आणि नावेची बाजू दुसऱ्या खात्यात, ही वही जुळणार कशी? सतराव्या शतकातील युरोपच्या श्रेष्ठ बुद्धिवादी तत्त्वज्ञांपैकी देकार्त, स्पिनोझा, मालब्रांश आणि लायब्निझ या चौघांस या वहीशी झगडावे लागले. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे. जगत्कर्ता ईश्वर न मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांना हा वाद प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु कर्ता कोण आणि भोक्ता कोण, हा प्रश्न त्यांना मुळीच परका नाही, आणि या वादाच्या मुळाशी तोच आहे.

प्रारंभ देकार्तपासून करावा लागतो. १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिंतनग्रंथात त्याने एक युक्तिवाद केला आहे. दिसण्यास तो लहान आहे, परंतु पुढील साठ-सत्तर वर्षांचा सारा गोंधळ त्याच्या पोटात आहे. काळाचे क्षण परस्परांहून स्वतंत्र आहेत. आत्ताच्या क्षणी एखादी वस्तू आहे, एवढ्यावरून पुढील क्षणी ती असेलच असे निष्पन्न होत नाही. म्हणून वस्तू टिकून राहण्यासाठी तितकेच सामर्थ्य लागते जितके ती नव्याने निर्माण करण्यासाठी लागते. जतन आणि निर्मिती यांतील भेद केवळ विचारातला. प्रत्यक्षात दोन्ही एकच. या ग्रंथावर आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर देताना त्याने दोन प्रकारच्या कारणांतील फरक सांगितला. गवंडी घर बांधतो आणि निघून जातो. घर उभेच राहते. तो घर घडण्याचे कारण आहे, घर असण्याचे नव्हे. सूर्याचे तसे नाही. सूर्य नसेल तर प्रकाशही नाही. ईश्वर हा जगाचा गवंडी नसून सूर्य आहे, असे देकार्तचे म्हणणे.

येथपर्यंत कोणाही श्रद्धाळू ख्रिस्ती मनुष्याने मान डोलावली असती. हा विचार मध्ययुगीन धर्मपंडितांनीही मांडलेला होता. अडचण देकार्तच्या दुसऱ्या सिद्धांतामुळे आली. जड वस्तू म्हणजे केवळ विस्तार, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली, असे त्याने ठरविले. जुन्या पंडितांच्या मते अग्नीत दाहकशक्ती असे, बीजात अंकुरण्याची शक्ती असे. देकार्तने त्या सर्व शक्ती झाडून टाकल्या. विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठीच सफाई होती, यात संशय नाही. परंतु निव्वळ लांबी-रुंदी कोणाला ढकलू शकेल काय? तेव्हा १६४४ च्या ग्रंथात देकार्तने गतीचे आद्य कारण म्हणून ईश्वरास पुढे केले: प्रारंभी त्याने जितकी गती घातली, तितकीच तो कायम राखतो. आत्मा आणि शरीर यांच्या संबंधाचा प्रश्न तर आणखी बिकट झाला. १६४३ च्या मे महिन्यात बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने देकार्तला सरळ विचारले, की ज्या आत्म्याला विस्तारच नाही, तो शरीराला हलवितो कसा? देकार्तने उत्तरे लिहिली; परंतु राजकन्येचे समाधान झाले नाही, आणि तिचे समाधान न होणे रास्तच होते.

आता डॉर्ड्रेख्टच्या पत्राकडे वळावे. ५ जानेवारी १६६५ रोजी स्पिनोझाने उत्तर लिहिले. एक सत्यशोधक मित्र लाभला या आनंदात लिहिलेले ते पत्र आहे. पत्रव्यवहार डच भाषेत चालला होता. ज्या भाषेत आपण वाढलो तिच्यात लिहिता आले असते तर विचार अधिक नीट मांडता आला असता, अशी खंतही त्यात आहे.

स्पिनोझाचे उत्तर असे. आदामाच्या इच्छेत जितके काही भावरूप आहे, म्हणजे जितके सामर्थ्य, जितके अस्तित्व आहे, तितके ईश्वरापासून आले आहे. परंतु तिच्यातील वाईटपणा ही काही भावरूप वस्तू नाही. आदामाची तुलना मनुष्य अधिक चांगल्या अवस्थेशी करतो, आणि मग त्याच्यात काही उणे दिसते. हे उणे तुलना करणाऱ्या मनुष्यबुद्धीत आहे. ईश्वर वस्तू जाणतो ती वस्तू म्हणून, तुलना करून नव्हे. मधमाश्यांची युद्धे, पारव्यांचा मत्सर ही प्राण्यांमध्ये पाहून मनुष्य कौतुक करतो. तेच मनुष्यात दिसले की निंदा करतो. पुढील पत्रात आंधळ्याचे उदाहरण येते. आंधळ्याला दृष्टी नाही असे मनुष्य हळहळून म्हणतो, कारण तो डोळस माणसांची आठवण काढतो. दगडाला दृष्टी नाही म्हणून कोणी हळहळत नाही. फळ खाऊ नकोस ही आज्ञा तरी काय होती? विष मारक आहे हे बुद्धी जसे सांगते, तसे ते फळ मारक आहे एवढेच सांगणे होते.

हे उत्तर वाचून दलालाचे समाधान झाले असेल काय? मुळीच नाही. १६ जानेवारीस त्याने भलेमोठे पत्र पाठविले. आपल्या बुद्धीस स्पष्ट दिसणारे आणि ईश्वराच्या ग्रंथात सांगितलेले, असे दोन दंडक आपण पाळतो, आणि दोहोंत विरोध आला तर ग्रंथाचे मानतो, हे त्याने त्यात सांगून टाकले. अभ्यासक ब्लायेनबर्गला बहुधा संकुचित धर्मभोळा ठरवून बाजूस सारतात, ते पत्रातील याच भागामुळे. परंतु त्याच पत्रात त्याने जे विचारले, ते धर्मभोळ्याचे नव्हे. सर्व कृत्यांत ईश्वराचे सामर्थ्य सारखेच प्रकटत असेल, तर सज्जनाने सज्जन राहावे याला कारण कोणते? शिक्षेची भीती नाही, ईश्वराची नाराजी नाही. मग गुन्ह्यापासून मनुष्यास रोखणार कोण?

स्पिनोझाच्या लेखणीत आता थोडी तीक्ष्णता आली. केवळ शिक्षेच्या भयाने जो दुष्कृत्य टाळतो, त्याला सद्गुणी म्हणताच येत नाही, असे त्याने बजावले. आपण स्वतः ते टाळतो, कारण ते आपल्या स्वभावाविरुद्ध आहे. ब्लायेनबर्गने पुन्हा कोंडीत धरले: आणि एखाद्याचा स्वभावच तसा असेल तर? स्पिनोझाने दिलेले उत्तर कठोर आहे. मेजवानीच्या मेजापेक्षा फासावर आपले अधिक भले होईल, असे एखाद्यास खरोखर दिसत असेल, तर फासावर न जाणे हाच त्याचा मूर्खपणा ठरेल. अर्थात असा स्वभाव संभवत नाही, हे त्यात सुचविले आहे. ब्लायेनबर्गला ते सुचविलेले पुरले नाही.

याच पत्रात नीरो आणि ओरेस्टीस यांचा उल्लेख येतो. दोघांनीही आपापल्या मातेचा वध केला. बाह्य कृत्य एकच, मारण्याचा हेतूही एकच. तरी जग नीरोला जितका दोष देते तितका ओरेस्टीसला देत नाही. का? त्या कृत्यातून नीरो कृतघ्न, निर्दय आणि आज्ञाभंजक दिसला म्हणून. आणि कृतघ्नता, निर्दयता ह्या अभावरूप गोष्टी आहेत, त्यांत अस्तित्वाचा अंश नाही; म्हणून ईश्वर कृत्याचे कारण असला तरी कृतघ्नतेचे कारण नव्हे. हे उत्तर चतुर आहे. परंतु हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहता, नावेची रक्कम कोणाच्याही खात्यावर न टाकता ती रक्कमच शून्य आहे, असे येथे म्हटले गेले. ज्याचे नुकसान झाले आहे, त्याला हे पटविणे कठीण. त्या वसंतात ब्लायेनबर्ग प्रत्यक्ष व्होरबुर्गला जाऊन स्पिनोझाला भेटला. भेटीनंतर त्याने आणखी प्रश्न पाठविले, आणि ३ जून १६६५ रोजी स्पिनोझाने विनयाने पत्रव्यवहार थांबविला.

या वादातून मालब्रांशने काढलेला मार्ग अगदी निराळा. निकोला मालब्रांश (१६३८–१७१५) हा पॅरिसमधील धर्मगुरू. देकार्तचा मनुष्यदेहावरील ग्रंथ १६६४ साली, देकार्तच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. तो पुस्तकांच्या दुकानात हाती पडला तेव्हा वाचता वाचता मालब्रांशची छाती इतकी धडधडू लागली, की त्याला मधूनमधून वाचन थांबवावे लागले, अशी आख्यायिका सांगतात. पुढे १६७४-७५ मध्ये त्याने सत्यशोधनावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

मालब्रांशने देकार्तचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला. ईश्वर प्रतिक्षणी खुर्ची निर्माण करीत असेल, तर तो ती कोठे तरी निर्माण करणार. नुसती खुर्ची, जी येथेही नाही आणि तेथेही नाही, अशी निर्माण करता येत नाही. या क्षणी येथे, पुढील क्षणी एक बोट पलीकडे, अशी निर्मिती म्हणजेच खुर्चीचे हलणे. मग खुर्ची ढकलणाऱ्या हाताने केले काय? काहीच नाही. ईश्वराने जेथे वस्तू ठेवली, तेथून तिला दुसरे कोणी हलवू शकणार नाही. एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा चालू लागतो. पहिल्याने दुसऱ्याला गती दिलेली कोणी पाहिली आहे? एकामागून एक घडणे तेवढे दिसते. दोहोंतील अनिवार्य संबंध दिसत नाही. तसा संबंध एकाच ठिकाणी बुद्धीस दिसतो, तो सर्वशक्तिमान ईश्वराची इच्छा आणि तिचे फल यांत. म्हणून खरे कारण एकच. बाकी सारी निमित्ते.

येथे 'निमित्त' या शब्दाविषयी श्रोत्यांनी सावध असावे. निमित्त आणि उपादान यांचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झालेला आहे, आणि तेथे निमित्ताला काही ना काही स्थान असते. मालब्रांशचे निमित्त ही निव्वळ खूण आहे. चेंडू आदळला, ही ईश्वराला दुसरा चेंडू हलविण्याची केवळ वेळ.

मनुष्याच्या बाबतीत त्याचा युक्तिवाद अधिकच मार्मिक आहे. हात उचलण्यासाठी कोणत्या मज्जातंतूतून काय वाहावे लागते, हे हात उचलणाऱ्यास ठाऊक नसते. शरीरशास्त्राचा गंधही नसलेला मनुष्य हात सफाईने हलवितो, आणि पंडित कधी कधी अडखळतो. कसे करायचे हेच ज्याला माहीत नाही, तो ते करतो असे म्हणावे कसे? लायडनच्या ग्यूलिंक्सने हाच विचार थोडा आधी मांडला होता. मालब्रांशच्या दृष्टीने वस्तूंना स्वतःची शक्ती देणे ही मूर्तिपूजकांची चूक होती: ज्याच्यात खरी शक्ती आहे ते भिण्यास आणि पूजण्यास योग्य ठरते, मग सूर्यही देव होतो आणि कांदाही. एकेश्वरवाद शुद्ध राखायचा तर वस्तू निर्बल केल्याच पाहिजेत, अशी ही निष्ठा आहे. तिच्यातील प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

मग पावसाचे काय? पेरलेल्या शेतावर पाऊस पडतो तसा समुद्रावरही पडतो, रस्त्यावरही पडतो. प्रत्येक थेंब ईश्वर टाकत असेल, तर समुद्रावर थेंब टाकण्यात शहाणपण कोणते? ज्या प्रदेशात मृगाच्या सरींकडे डोळे लावून पेरणी होते, तेथील श्रोत्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. मालब्रांशने १६८० च्या आपल्या ग्रंथात याचे उत्तर दिले: ईश्वर सर्वसामान्य नियमांनी कार्य करतो. नियम थोडे आणि साधे असावेत हे त्याच्या प्रज्ञेस शोभणारे आहे. त्या नियमांपोटी एखाद्याचे पीक बुडते, ते त्याने वेगळे इच्छिलेले नसते. रोमच्या धर्मपीठाने १६९० साली हा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातला. आणि पापाचे काय? ईश्वर मनुष्याच्या मनात कल्याणाची सर्वसाधारण ओढ घालतो. मनुष्य वाटेतल्या एखाद्या क्षुद्र सुखापाशी थांबतो. हे थांबणे तेवढे मनुष्याचे. परंतु थांबणे म्हणजे कोणती खरी क्रिया नव्हे, असेही मालब्रांश सांगतो. कारण क्रिया म्हटली की ती ईश्वराची होईल. म्हणजे धर्मगुरू आणि बहिष्कृत दोघेही फिरून एकाच ठिकाणी आले: पाप म्हणजे काहीच नाही. या साम्याकडे मालब्रांशचे लक्ष वेधले असते, तर त्याला अतिशय दुःख झाले असते.

लक्ष वेधणारा मनुष्य होता गोटफ्रीड विल्हेल्म लायब्निझ (१६४६–१७१६). गणिती, मुत्सद्दी, ग्रंथपाल, आणि पत्रे लिहिण्यात अथक. १६७६ च्या नोव्हेंबरात त्याने हेग येथे स्पिनोझाची भेट घेतली होती. त्याचा दुसरा आक्षेप असा: ईश्वराने प्रत्येक प्रसंगी मध्ये पडून हात हलवावा, हा तर नित्याचा चमत्कार झाला. चमत्कार वारंवार होतो म्हणून तो निसर्गनियम ठरत नाही. १६९६ साली त्याने दोन घड्याळांचा दृष्टांत दिला. दोन घड्याळे नेमकी एकच वेळ दाखवीत असतील, तर त्याची तीन कारणे संभवतात. एक, ती परस्परांवर परिणाम करतात; एकाच तुळईला टांगलेले लंबक कसे एकतालात येतात, हे हायगेन्सने पाहिले होतेच. दोन, कोणी कारागीर सतत जवळ बसून ती जुळवीत असतो. तीन, प्रारंभीच ती इतक्या कौशल्याने बनविली आहेत, की जुळवावी लागत नाहीत. आत्मा आणि शरीर यांचा मेळ तिसऱ्या प्रकारचा. यालाच पूर्वस्थापित सुसंवाद म्हणतात.

परंतु लायब्निझचा खरा घाव घड्याळांच्या दृष्टांतात नाही. तो १६९८ साली निसर्गाच्या स्वरूपाविषयी लिहिलेल्या एका लॅटिन निबंधात आहे, आणि प्रस्तुत विषयाचे मर्म त्यातच आहे. वस्तूंचे कर्तृत्व काढून घेतले, तर वस्तू शिल्लक राहतात काय? जे काहीच करत नाही, ज्याच्यातून पुढील अवस्था उगवत नाही, ते टिकते असे म्हणण्यास आधार कोणता? ते केवळ एका ईश्वरी द्रव्यावर उमटून जाणारे क्षणिक रूप होय. म्हणजे वस्तूंना निर्बल करून ईश्वराची थोरवी वाढविण्यास जो निघाला, तो नकळत स्पिनोझाच्या दारी जाऊन पोहोचतो. ईश्वर तेवढा उरतो आणि जग त्याचे विकार ठरते. म्हणून लायब्निझने कर्तृत्व वस्तूंच्या आत परत नेले. जगातील प्रत्येक मूळ तत्त्व म्हणजे एक चिदणू. त्याच्या सर्व अवस्था त्याच्या स्वतःच्याच आतून क्रमाने उलगडतात. ईश्वर त्यांना सतत अस्तित्व देतो, परंतु त्यांचे उलगडणे त्यांचे स्वतःचे.

ब्लायेनबर्गच्या वहीला मात्र याही हिशेबात उत्तर सरळ मिळत नाही. १७१० च्या आपल्या ग्रंथात लायब्निझ नावांचे उदाहरण देतो. एकाच नदीच्या प्रवाहात अनेक नावा सोडल्या. ज्या जड ओझ्याने लादल्या आहेत त्या मंद चालतात, हलक्या आहेत त्या शीघ्र. प्रवाह सर्वांना सारखीच गती देतो. मंदपणा प्रवाहाचा नाही, ओझ्याचा आहे. तद्वत कृत्यातील सामर्थ्य ईश्वराचे, आणि उणीव जीवाच्या मूळच्या मर्यादेची. उदाहरण मनोहर आहे. पण ओझे कोणी लादले? लायब्निझ म्हणेल, कोणीच नाही. प्रत्येक जीवाची मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे, आणि ते स्वरूप ईश्वराने घडविलेले नसून त्याच्या ज्ञानात अनादिकाळापासून आहे. ईश्वराने एवढेच केले, की संभाव्य जगांपैकी सर्वोत्तम ते निवडले. डॉर्ड्रेख्टच्या दलालाने यावर काय विचारले असते, याची कल्पना करणे अवघड नाही: नाव जड आहे हे ज्याला ठाऊक होते, त्याने ती पाण्यात का सोडली?

लायब्निझने स्पिनोझावर केलेला आरोप मात्र तपासून पाहिला पाहिजे. वस्तू निर्बल असल्या तर त्या विकार ठरतात, हे खरे. परंतु स्पिनोझाच्या जगातील विकार निर्बल आहेत काय? त्याचा 'नीतिशास्त्र' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६७७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. द्रव्य, गुण आणि पर्याय हे त्रिकूट त्यात आहे. अभ्यासकांनी या मराठी संज्ञा वापरल्या असल्या, तरी जैन दर्शनातील द्रव्ये अनेक आहेत आणि स्पिनोझाचे द्रव्य एकच आहे, हा भेद विसरता कामा नये. सान्त वस्तू त्या एका द्रव्याचे पर्याय होत. ईश्वर त्यांचे कारण आहे, पण बाहेर उभा राहून ढकलणारे नव्हे, तर अंतःस्थित. त्रिकोणाच्या स्वरूपातून त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन निघावी तसे त्याच्यापासून सर्व काही निघते. आणि त्याच ग्रंथाचा तिसरा भाग सांगतो, की प्रत्येक वस्तू, तिच्यात जितके सामर्थ्य आहे तितके, आपले अस्तित्व टिकविण्याची धडपड करते, आणि ही धडपड म्हणजेच त्या वस्तूचे सार. मालब्रांशच्या खुर्चीत अशी कोणतीही धडपड नाही. स्पिनोझाच्या दगडातही ती आहे. ईश्वराचे सामर्थ्य वस्तूंपासून वेगळे कोठे साठविलेले नाहीच. तेच प्रत्येक वस्तूत मर्यादित होऊन तिचे सामर्थ्य म्हणून वावरते. दोन खात्यांची वही त्याला मान्यच नव्हती. हे ध्यानी घेतले, तर ब्लायेनबर्गला दिलेली उत्तरे पळवाट वाटत नाहीत. तो पत्रे लिहीत होता १६६५ साली, हा भाग अद्याप अपुरा होता, आणि पलीकडचा मनुष्य जुन्याच वहीत आकडे मांडीत होता.

तरी एक गाठ स्पिनोझाच्या हातूनही सुटलेली नाही. अनंतापासून जे निघते ते अनंतच असते, हे त्याने पहिल्या भागात सिद्ध केले. त्याच भागात पुढे तो म्हणतो, की सान्त वस्तूचे कारण दुसरी सान्त वस्तू, तिचे कारण तिसरी, आणि ही साखळी कोठेही संपत नाही. छपरावरून कौल पडून मनुष्य मेला. कौल वाऱ्याने पडले, वारा समुद्र खवळल्याने आला, आणि असेच मागे मागे. यात मध्येच थांबून 'ईश्वरेच्छा' म्हणणे हे त्याच्या मते अज्ञानाने घेतलेले आश्रयस्थान होय. मान्य. पण मग ही सान्त वस्तूंची साखळी मुळात आहेच का? अनंतातून सान्ताकडे उतरण्याची पायरी कोठे आहे?

हा प्रश्न स्पिनोझाच्या हयातीतच विचारला गेला. विचारणारा चिर्नहाउस हा तरुण जर्मन सरदार, गणिताचा जाणकार, लायब्निझचाही मित्र. १६७६ च्या उन्हाळ्यात त्याने चिकाटीने विचारले, की केवळ विस्ताराच्या कल्पनेतून इतक्या नाना प्रकारच्या वस्तू कशा निष्पन्न होतात, ते दाखवावे. गणितात तर व्याख्येतून एकच गुणधर्म निघतो. १५ जुलै १६७६ रोजी स्पिनोझाने उत्तर लिहिले. जडाची देकार्तने केलेली व्याख्याच चुकीची आहे, ती एखाद्या शाश्वत आणि अनंत सारभूत गुणाच्या आधारे करावयास हवी, असे त्याने कळविले. आणि आयुष्य लाभले तर याविषयी कधी तरी अधिक स्पष्टपणे बोलू, कारण आजवर हा विषय नीट क्रमाने मांडणे आपणास जमलेले नाही, अशी कबुलीही दिली.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी हेग येथे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मित्रांनी त्याच वर्षी त्याचे अप्रकाशित लेखन एकत्र छापले. त्यात ही मांडणी नाही. चिर्नहाउसला पाठविलेले उत्तर त्यात आहे, आणि डॉर्ड्रेख्टच्या दलालाची पत्रेही आहेत. ब्लायेनबर्गने 'नीतिशास्त्र' वाचले, आणि १६८२ साली, व्यापार सांभाळून, त्याच्या खंडनाचा स्वतंत्र ग्रंथ लिहून छापला.